परक्याचं पिंप

६ जानेवारी

चि. टिल्लू,

आशीर्वाद. पन्नाशीला आलेल्या, दारातून वाकून जावं लागणाऱ्या माणसाला टिल्लू म्हणू नये, असं तुझी बायको म्हणते. पण तुला कडेवर घेऊन मी फिरले आहे, ती नाही.

सोबत नेहमीचं पिंप पाठवते आहे, ॲल्युमिनियम-तांब्याच्या पावडरीचं. पत्र नेहमीसारखं ड्रायव्हरमामांच्या खिशात. फोन केला नाही, कारण फोनवर आपण बहीण-भाऊ बोलायला लागलो की लगेच आवाज चढतो आणि शेवटी कोणीतरी फोन आपटतं. पत्र आपटता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

एक गोष्ट तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. परवा धातू कुटून पावडर करायच्या मिलचा टायमर अडकला. मिल थोडी फिरवायची, मग थांबवून भांडं निवू द्यायचं, हे आपल्याला बाबांनी शिकवलंय. ती मेली न थांबता फिरत राहिली. उघडून बघते तर पोलादी गोळ्यांवर पावडर लिंपून बसलेली, भांड्याच्या भिंतीला पापुद्रे, आणि मोकळी पावडर जवळजवळ नाहीच. धातूचे कण ठोकून फुटले की त्यांचं ताजं, उघडं अंग एकमेकांना चिकटायला टपलेलंच असतं. त्यात भांडं तापलं की मग विचारायलाच नको, छिन्नी लावली तरी निघत नाही. तो सगळा घाणा मी फेकून दिला. टायमर बदलला, भांडं धुतलं, वाळवलं आणि नवा घाणा लावला. फेकलेल्यातली चिमूटभरही या पिंपात नाही.

आता दुसरं. मामा म्हणत होते की तुझ्या कारखान्यात एक निळं पिंप उभं होतं. निळी पिंपं त्या दुसऱ्या पावडरवाल्यांची असतात, एवढं मला कळतं. बाबांनी मिल माझ्या ताब्यात दिली आणि पावडर दाबून चाकं घडवायची प्रेस आणि भट्टी तुझ्या, पण या मिलला काम देणारा तू एकटाच आहेस. तू पावडर घ्यायचा थांबलास की मिल थांबली, आणि मिल थांबली की मी काय करायचं, दारात बसून रस्त्यावरची माणसं बघायची? निळं पिंप कशासाठी आलं होतं, ते स्पष्ट लिही.

तुझी,
ताई

१४ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. वाकून केलेला नाही, पाठीत उसण भरली आहे.

तुझं पत्र फोडायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. मामांनी गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, की मिल थांबायचं नावच घेत नव्हती आणि तुझ्या खोलीत जळका वास येत होता. ते माझ्याकडच्या बातम्या तुझ्याकडे नेतात आणि तुझ्याकडच्या माझ्याकडे आणतात, भाडं मात्र फक्त पिंपाचं घेतात. माझ्या मनात पाल चुकचुकली. लगेच पिंप उघडलं. आणि काय बघतो, गुठळ्या! वाटाण्याएवढ्या. नरसाळ्यातून साच्यात ओतायला गेलो तर मध्येच अडकल्या. जी पावडर कशीबशी दाबली, तिची दातेरी चाकं भट्टीतून तडकून निघाली. आपली चाकं घेणाऱ्या पंपवाल्यांनी अख्खी पेटी परत पाठवली.

तू म्हणतेस, खराब घाणा फेकला. मग या गुठळ्या आकाशातून पडल्या का? खरं सांग ताई, फेकायला जीव झाला नाही ना तुझा? चाळून, पापुद्रे काढून, उरलेलं नव्या पावडरीत मिसळून टाकलंस. तुझ्या जागी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. पण भावाला निदान सांगितलं तरी असतं.

निळं पिंप नमुन्याचं आहे. त्यांचा माणूस ठेवून गेला, मी नाही म्हटलं नाही. आता तू स्पष्ट विचारलंसच, तर मीही स्पष्टच लिहितो. पंपवाल्यांना चांगली चाकं मिळाली नाहीत तर ते दुसरा कारखाना धरणार आहेत, आणि त्यांच्यावाचून माझ्याकडे गिऱ्हाईक नाही. तुझी आणखी दोन पिंपं बघतो. त्यांतही गुठळ्या निघाल्या तर मिल बंद करायची आणि पावडर निळ्यांकडून घ्यायची. मला हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिलं.

टिल्लू

२० जानेवारी

चि. टिल्लू,

आशीर्वाद देते आहे, पण दातओठ खाऊन.

मी लबाड आहे हे तू फार सभ्य शब्दांत लिहिलंस. बाबा असते तर तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं असतं.

या वेळच्या घाण्यात मी काय काय केलं ते ऐक. गोळे दोन मापांचे घेतले. मोठे गोळे ठोकतात आणि बारके मोठ्यांना चिकटलेलं खरवडून काढतात. भांडं अर्ध्याहून कमी भरलं, म्हणजे गोळ्यांना उडायला जागा राहिली. स्टिअरिक ॲसिडची ती मेणचट पांढरी पूड काट्यावर तोलून घातली. ती कणांवर बसते आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. कमी पडली तर गोळा होतो, जास्त झाली तर तुझ्या भट्टीत तिचा धूर होऊन चाकाला फोड येतात. पावडरीला हवा लागू नये म्हणून भांड्यातली हवा काढून आरगॉन वायू भरला. मिल जेवढा वेळ फिरवली तेवढाच वेळ थांबवली आणि दर वेळी भांड्याला हात लावून बघितलं. शेवटी सगळी पावडर चाळणीवर घातली, वर एक गुठळी उरली नाही. ही पावडर या पिंपात आहे.

आता माझ्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. तुझ्याकडे निघालेली गुठळी बोटांत धरून दाबून बघ. माझ्या मिलमध्ये झालेली गुठळी म्हणजे ठोकून ठोकून जोडला गेलेला धातू. ती चपटी असते, चकाकते आणि चिमटीत फुटत नाही. चिमटीत फुटली तर ती माझ्याकडची नाही, वाटेत किंवा तुझ्याकडे काहीतरी झालेलं आहे. फुटते की नाही फुटते, एवढंच लिही. आणि थोड्या गुठळ्या बाटलीत घालून पाठव.

आणि हो, प्रेसवरचा तो नवा मिस्त्री आधी निळ्यांकडे होता ना? तो पिंपाच्या आसपास असतो का? मी कुणावर आळ घेत नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की.

ताई

४ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. पाठ बरी आहे, मन ठीक नाही.

पुन्हा गुठळ्या. आधीपेक्षा जास्त.

या वेळी मी पुरती काळजी घेतली. साक्षीदार ठेवूनच पिंप उघडलं, मामा समोर उभे होते, विचार त्यांना. मागाहून टिल्लूने काहीतरी कालवलं असं तुला म्हणायला जागा नको. मिस्त्र्याला तर मी जवळही येऊ दिलं नाही. तो बिचारा लांबून बघत होता आणि मला वाटतं त्याला फार वाईट वाटलं.

तुझा तो बोटांचा प्रश्न मी दोनदा वाचला. मी एवढा भोळा नाही, ताई. फुटतात म्हटलं तर तू म्हणणार, बघ, माझ्या नाहीतच. फुटत नाहीत म्हटलं तर म्हणणार, कुणाकडून तरी करवून घेतल्यास. मी काहीही सांगितलं तरी सुटणार तू आणि अडकणार मी. म्हणून उत्तरच देत नाही. बाटलीचंही तेच. बाटलीत नेमकं काय भरलं होतं यावर आपण म्हातारपणापर्यंत भांडू.

निळ्यांचं पिंप कोपऱ्यात पडून होतं. मला काही घाई नव्हती, सवड झाली तेव्हा उघडलं. पीठ, ताई, नुसतं पीठ! नरसाळ्यातून साच्यात आपोआप उतरलं. भट्टीतून चाकं निघाली त्यांना बारीकसा तडासुद्धा नाही. परक्या माणसाला जे जमतं ते बाबांच्या हाताखाली शिकलेल्या तुला जमू नये, याचा मी काय अर्थ लावायचा? अर्थ लावायला भीती वाटते, म्हणून लावत नाही.

आता एकच पिंप उरलं आहे.

टिल्लू

१२ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

पुष्कळ आशीर्वाद.

तुझं म्हणणं मला पटलं. भांडून कोणाचं भलं झालंय? हे पिंप मी फार जपून भरलं आहे. झाकण स्वतःच्या हाताने आवळलं आहे. तू नेहमीसारखंच उघड, नेहमीसारखंच बघ, आणि जे दिसेल ते अगदी खरं लिही. मी रागावणार नाही.

पाठीला शेक देतोस ना? जड साचे उचलायला वाकू नकोस, मिस्त्र्याला सांगत जा. तो बिचारा चांगला असेल, मी उगीच त्याच्यावर घसरले. तुझ्या बायकोला म्हणावं, तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे, गळा गोल हवा की टोकदार ते कळव.

तुझीच,
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार.

तुझं पत्र इतकं गोड होतं की ते दुसऱ्या कुणी लिहिलंय की काय, म्हणून मी अक्षर निरखून बघितलं.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. हे पिंप सगळ्यांत वाईट निघालं. जवळजवळ अर्धं गुठळ्यांनी भरलेलं. आणि खरं सांगू? झाकण काढताच कळलं की पावडर तुझ्याच मिलची. थोडी काळपट, जरा मंद. निळ्यांच्या पावडरीशेजारी ठेवली तर न शिकलेला माणूसही फरक सांगेल.

काल मी निळ्यांना वर्षभराचा शब्द दिला. तू महिनाअखेर मिल थांबव. माझ्यावर चिडशील हे मला माहीत आहे, पण पंपवाले गेले तर प्रेसही बंद आणि भट्टीही बंद, मग तुला आणि मला दोघांनाही दारात बसून माणसं बघावी लागतील. तू इकडे राहायला ये. मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं. मी हे मनापासून लिहितोय.

गळा गोल हवा म्हणाली.

टिल्लू

२५ फेब्रुवारी

टिल्लू,

या पत्रात आशीर्वाद नाही, शोधत बसू नकोस.

त्या पिंपात माझी पावडर नव्हतीच. निळ्यांची होती.

हो, निळ्यांची. मी बसने त्यांच्या कारखान्यात गेले आणि त्यांचं एक पिंप विकत घेऊन आले. इथे आरगॉन भरलेल्या बंद पेटीत, रबरी हातमोज्यांत हात घालून, ती पावडर माझ्या पिंपात ओतली. बाहेरच्या हवेचा वारासुद्धा तिला लागू दिला नाही. चाळून बघितली होती. चांगली पावडर आहे, खोटं कशाला बोलू? त्यांचे म्हातारे मालक भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला मिल दाखवली. मी विचारलं, तुमचे सगळे गोळे एकाच मापाचे का? ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलात कुठे?" मी म्हटलं, घरीच.

म्हणजे परक्याच्या पिंपातून आली की जी पावडर पीठ असते, ती बहिणीच्या पिंपातून आली की तिच्या गुठळ्या होतात. आणि रंगावरूनही ओळखलीस! काळपट म्हणे, मंद म्हणे. शाबास! डोळे आहेत की शोभेची बटणं?

आता मला सगळं उमगलं. गुठळ्या नाहीतच. कधी नव्हत्याच. तुला निळ्यांकडे जायचं होतं, आणि बाबांची मिल तुझ्या हाताने बंद पडली असं कुणी म्हणू नये म्हणून ती माझ्या हाताने खराब व्हायला हवी होती. तोंडावर सांगितलं असतंस तर मी दोन दिवस रडले असते आणि गप्प बसले असते. तू मला माझ्याच कामात नालायक ठरवलंस. हे मला सहन होत नाही, टिल्लू. सकाळी मिलजवळ जाते आणि हात लावायचा धीर होत नाही.

ऊन येणारी खोली तुझी तुला लखलाभ.

४ मार्च

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा नमस्कार. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, आणि टपालाने पाठवते आहे, कारण मामांच्या हातात दिलं तर ते संध्याकाळपर्यंत यांना तोंडपाठ असेल.

तुमचं पत्र यांनी पायरीवर बसून दोनदा वाचलं. मग आत येऊन म्हणाले, "ताईने निळ्यांची पावडर भरलीच नसेल. मला खोटं पाडायला नुसतं लिहिलंय." तुम्ही म्हणता हे खोटं बोलतात, हे म्हणतात तुम्ही खोटं बोलता. मी मधल्यामध्ये. तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं आहात हे मात्र कुणाला पटवून द्यावं लागणार नाही.

वन्सं, हे खोटं बोलत नाहीत. गुठळ्या खऱ्या आहेत. मी चाकं निवडायच्या टेबलावर असते, पिंप तिथून दिसतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यांनी दिलं नाही, मी देते. मी गुठळी चिमटीत धरून दाबली. फुटते. लगेच फुटते, आणि बोटाला गार, ओलसर लागतं.

अजून एक सांगते, त्यात काही असेल-नसेल ते तुम्हाला ठाऊक. पूर्वी तुमचं पिंप आलं की एक दिवस तसंच ठेवायचे. सासरे म्हणायचे, लांबून आलंय, आधी टेकू दे त्याला. जानेवारीपासून हे पिंप गाडीतून उतरवतात आणि तिथल्या तिथे झाकण काढतात. का, तर मामा निघून जायच्या आत, त्यांच्यासमोर बघायचं. पिंप तुमच्याकडच्या थंडीतून डोंगर उतरून आलेलं असतं, हात लावला तर बोटं आखडतात. शेजारी भट्टी, आणि चाकं धुवायचं गरम पाण्याचं टाकं, तिथे सदा वाफ. झाकण काढलं की थोड्या वेळात पिंपाच्या आतल्या कडेला दव धरतं. मी एकदा म्हटलं, अहो, याला घाम आलाय. तर म्हणाले, "तू यात पडू नकोस, पुराव्याचा प्रश्न आहे."

निळी पिंपं मात्र कोपऱ्यात उभी असतात. दोन दिवस, चार दिवस. त्यांचा कुणाला संशयच नाही, मग घाई कशाला?

हे हल्ली नीट जेवत नाहीत. तुम्हीही जेवत नसाल. रागावलात तर माझ्यावर रागवा.

तुमची,
भावजय

९ मार्च

अगं पोरी,

तुला आशीर्वाद, पोटभर.

माझी अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे! गुठळी फुटते का, हे मी विचारत बसले. झाकण कधी उघडतोस, हे विचारायचं मला सुचलंच नाही. कसं सुचणार? मी तो काय लपवतोय तेच शोधत होते.

थंडगार पावडर गरम, दमट हवेत उघडली की हवेतलं पाणी तिच्यावर उतरतं. बारीक कण, अंगाला ओल लागली की एकमेकांना धरून बसतात. मग दाबून त्यांचं चाक केलं की भट्टीत तडकणारच. ती मेणचट पूड मिलमध्ये कण चिकटू देत नाही, पण तुझ्या नवऱ्याच्या घाईवर तिचा काय इलाज? झाकण बंद ठेवून पिंप खोलीइतकं गरम होऊ दिलं की झालं. त्यासाठीच बाबांनी तो एक दिवस घातला होता. ते कारण सांगायचे नाहीत, करायला लावायचे. म्हणून तो नियम तुझ्या नवऱ्याला म्हाताऱ्याची सवय वाटला असेल.

मामांबरोबर एक पिंप पाठवते. मिल थांबवण्याआधीचा शेवटचा घाणा आहे, माझा स्वतःचा, निळ्यांचा नाही. उतरवून घेतलंस की त्यावर सतरंजी टाकून बस. तो ओरडेल. ओरडू दे. पुरावा म्हणाला तर म्हणावं, माझ्या बुडाखाली आहे.

वन्सं

२० मार्च

ती. ताई,

नमस्कार. या वेळी वाकून.

ती खरोखरच बसली होती. मामा हसून हसून स्टिअरिंगवर पडले. मी आरडाओरडा केला, मग विनवण्या केल्या, मग चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उठून मला झाकण काढू दिलं. एकही गुठळी नाही. नरसाळ्यातून पावडर अशी उतरली की मिस्त्रीसुद्धा जागचा उठून बघायला आला. भट्टीतून चाकं निघाली ती मी एकेक उन्हात धरून बघितली.

मग म्हटलं, पूर्ण खात्री करून घ्यावी. तीच पावडर एका बाटलीत भरली, बाटली बर्फात ठेवली आणि गार असतानाच टाक्याशेजारी उघडली. तासाभराने त्याच गुठळ्या. वाटाण्याएवढ्या. त्या मी स्वतः केल्या, ताई, माझ्या हाताने. इतके दिवसही मीच करत होतो.

मी तुला लबाड ठरवलं. तुझ्या हातावर शंका घेतली. मला लाज वाटते आहे आणि ती कशी लिहायची ते कळत नाही. तुझी पावडर काळपट दिसली असं लिहिलं, ते मला खरंच तशी दिसली होती. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पण निळ्यांना शब्द दिलाय. माझ्या भरवशावर त्यांनी माणसं वाढवली आहेत. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आणि नाही म्हटलं नाही, तर तुझी मिल बंद. तू सांग. तू सांगशील ते करतो, शब्द मोड म्हणालीस तर उद्या मोडतो.

एक विचारू? चिडू नकोस. त्या पिंपात खरंच निळ्यांचीच पावडर होती ना? त्यांची पावती असेल तर पाठव. विश्वास नाही असं नाही, आपलं मनाचं समाधान.

टिल्लू

२९ मार्च

चि. टिल्लू,

आशीर्वाद, अर्धा.

पावती आहे. पाठवत नाही. पावती नसतानाही तुला माझं म्हणणं खरं वाटेल तेव्हा कळव, उरलेला अर्धा तेव्हा पाठवेन.

मी तुला खोटारडा म्हटलं, ते मागे घेते. तू खोटा नव्हतास, नुसता घाईचा होतास. मीही काही कमी केलं नाही. तुला साखर पेरून पत्र लिहिलं आणि सापळा लावला, आणि सापळ्यात तू सापडलास तेव्हा मला आनंद झाला होता. भावाला पकडल्याचा आनंद. तो आठवला की मला माझीच शिसारी येते.

शब्द मोडू नकोस. त्यांनी माणसं घेतली आहेत तर ती घरी बसायला नकोत. मिल मी थांबवली आहे. पण मी दारात बसलेली नाही, काळजी करू नकोस. निळ्यांच्या म्हाताऱ्या मालकांचं पत्र आलं होतं. गोळे दोन मापांचे घेऊन बघितले, बाई, तुमचं बरोबर होतं, असं त्यांनी लिहिलं, आणि त्यांचा मिलविभाग मी सांभाळावा म्हणून विचारलं. आपली मिलसुद्धा ते घेऊन जाणार आहेत, माझ्या देखरेखीखाली फिरणार असेल तर. मी हो म्हटलं. एक तारखेपासून जाते आहे. खोली मिळाली आहे, कारखान्याच्या मागच्या गल्लीत. ऊन तिथेही येतं.

तेव्हा वर्षभर तू घेणार आहेस ती पावडर माझीच. पिंप निळं असेल, शिक्का त्यांचा असेल, माझं नाव कुठेही नसेल. तुला हे न सांगता मी सहज गप्प राहू शकले असते. तू ते पिंप कोपऱ्यात ठेवलं असतंस, सवडीने उघडलं असतंस, चाकं छान निघाली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. तसंच करावं असं दोनदा मनात आलं. पण मग माझ्या भावाला माझी पावडर चालते, फक्त ती माझी आहे हे त्याला कळता कामा नये, असं आयुष्यभर मनात घेऊन बसले असते. ते मला नको आहे.

म्हणून सांगितलं. आता तुला माहीत आहे.

पहिलं पिंप एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोचेल. मामाच आणतील. ते तू किती वेळ झाकलेलं ठेवलंस, हे मी कुणाला विचारणार नाही.

ताई